साठवलेली ठिकाणं

पहाटे साडेपाचला किल्ली फिरवली की
दोघी बोलायला लागतात.

फोनमधली आधी. तिला घाई.
काचेला चिकटवलेली तिची रबरी वाटी
कर्वे पुतळ्याच्या वळणावर हटकून सुटते,
आणि ब्रेकच्या खालून ती सांगत राहते :
दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.

डॅशबोर्डमधली सावकाश.
ती गाडीसोबत आली, खळदकरांकडून, सेकंडहँड,
स्टेपनी आणि सीटखालच्या एका लहान चपलेसह.
तिचं पुणं दोन हजार तेराचं.
चांदणी चौकात तिचा जुना पूल शाबूत,
विद्यापीठापुढचाही, पाडलेला, तसाच उभा,
मेट्रोचा एकसुद्धा खांब नाही.
नव्या पुलावर चढलो की ती गप्प होते.
पडद्यावर बाण एकटाच
रस्ता नसलेल्या पांढऱ्यातून चाललेला
आणि मी चौथ्या गिअरमध्ये.

बाणेरच्या शोरूममध्ये विचारून आले.
नकाशा नवा करायचे अकरा हजार सातशे, वर जीएसटी.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, मॅडम, फोन आहे ना?
आहे.

मला रक्त वेळेवर पोचवायचं असतं.
बर्फाच्या डब्यात नळ्या उभ्या, नावं चिकटवलेली,
आणि पुढच्या प्रत्येक दारामागे उपाशीपोटी कुणीतरी
दुसऱ्याच्या चहाकडे बघत बसलेलं.
तेव्हा फोनचंच ऐकते.
सिंहगड रोड कुठे तुंबलाय हे तिला कळतं,
मला माझ्या घरात काय तुंबलंय ते कळत नाही इतक्या लवकर.

पण याच फोनने एकदा, दोन मिनिटं वाचतील म्हणून,
धायरीतल्या एका बोळात घातलं.
पुढे मांडव. मागे शाळेची व्हॅन.
बांबूवर चढलेला एक जण वरून ओरडत होता,
येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे तोडा, बास!
सोळा मिनिटं रिव्हर्स.
त्याचा आवाज दोघींपेक्षा बरा होता.

घोरपडीच्या डिकॉस्टा आजी पत्ता असा सांगतात :
बेकरी होती ना, तिथून आत,
मग चिंच होती, तिच्या पलीकडे.
बेकरी नाही. चिंच नाही.
दंडाला पट्टा बांधताना मी म्हटलं,
आजी, तुमचं माझ्या गाडीशी छान जमेल.
त्या म्हणाल्या, डाव्या हाताची शीर घे, उजवी पळते.

खळदकरांनी गाडीत पाच ठिकाणं साठवलेली.
घर. ऑफिस. ताई. हॉल.
पाचवं इंग्रजी अक्षरांत, घाईत टाइप केल्यासारखं :
इथे नको.

वर्षभर ते पुसलं नाही. दाबलंही नाही.
मग एका बुधवारी शेवटच्या दोन घरांनी फोन करून सांगितलं,
चुकून नाश्ता झाला, उद्या या.
डबा रिकामा. फोन पर्समध्ये टाकला, बंद न करता,
आणि पाचव्यावर बोट ठेवलं.

पाषाणवरून, सूसच्या बाजूला.
मधे दोनदा तिने मला सोसायटीच्या भिंतीत शिरायला सांगितलं,
तिच्या लेखी तिथे शेताकडचा रस्ता होता.
मी वळसा घालून पुन्हा तिच्या रेघेवर आले.
पर्समधून दुसरी दबक्या आवाजात लॅबचा मार्ग
शोधत होती, पुन्हा शोधत होती.

आलं ठिकाण, म्हणाली.
एक बाभूळ. ओली भिंत.
टँकर पाणी भरत उभा, पाइपातून गळणारं
एक कुत्रं चाटत होतं.
बाकी काही नाही.
काय नको होतं इथे, आणि कुणाला?
खळदकरांचा नंबर आहे माझ्याकडे. आरसी बुकाच्या वेळी बोललो होतो.

टँकरवाल्याने काचेवर टकटक केली.
कुणाकडे?

पत्ता चुकला, म्हटलं.

तो पाइपाकडे बघतच म्हणाला,
मग सरळ जा, पुढे वळायला जागा आहे.

होती. एका गाडीपुरती.