चंद्रोदय, स्टोनहेवन

जूनमधली संकष्टी.
साडेदहा झाले तरी उजेड हटत नाही.
पंचांग ठाण्याचं, समुद्र इथला.
माझ्या खिडक्या पश्चिमेला, टेकडीकडे;
पूर्व सगळी वरच्या एफीबाईंच्या वाट्याला.

चाळीस वर्षं मासळी साफ केलेले हात,
भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक.
चतुर्थी त्यांना ठाऊक नाही,
पण पुनवेनंतर चौथ्या दिवशी
उधाण उतरतं,
पाणी भांगाकडे वळतं, हे पक्कं.

मध्यरात्र टळल्यावर फोन एकदाच वाजतो.
मी त्यांच्या दारात, हातात ताम्हन,
आणि चंद्र
क्षितिजाला घासत आडवाच सरकणारा,
तांबूस, एका अंगाने झिजलेला,
वर यायची इच्छाच नसल्यासारखा.
"उन्हाळ्यात आळशी असतो," त्या म्हणतात.
"सुगीत बघ त्याला."

ऑक्टोबर. सात वाजून वीस मिनिटं.
तांदूळ अजून धुतेय,
मोदकांचं सारण तर मनातच,
आणि फोन.
"अगं, आला की तुझा!
कालच्याहून वीस-पंचवीस मिनिटंच उशिरा.
आता उपाशी राहिलीस तर
त्याच्यावर ढकलू नकोस."

ओल्या हातांनीच जिना चढते,
दोन-दोन पायऱ्या.
ताम्हन खालीच राहिलं.