उभ्यानं

आधी तो. मग दुखरा पाय. मग दुसरा.
कृपाली सांगते, मी तेच पुटपुटते
आणि फरश्या मोजते :
पलंगापासून देवघरापर्यंत अकरा,
देवघरापासून मोरीपर्यंत चौदा,
मध्ये एक फुटकी, तिच्यावर तो कुरकुरतो.

ॲल्युमिनियमचा आहे, वजनाला हलका,
पण पहिले आठ दिवस मीच त्याला वाहत होते.
श्रीरंगनं त्याच्यावर टॉवेल वाळत घातले.
बोलले नाही. दोघांपैकी एक तरी उपयोगी पडू दे.

"वॉकर म्हणायचं, आई," सून म्हणते.
मी पांगुळगाडाच म्हणते.
या घरात आधी एक होता, संखेड्याचा,
लाखेचा लाल, वर सोनेरी वेल.
श्रीरंग तो चावायचा, ओठ रंगायचे.
तो पडला की मी टाळ्या वाजवायचे.

मी पडले तेव्हा
ॲम्ब्युलन्स दांडिया बाजारात अडकली होती,
आणि माझ्या डोक्यात एवढंच, की गॅसवर दूध आहे.

त्याच्या दांडीला पिशवी बांधून घेतली :
चष्मा, सुपारी, सुटे पैसे.
"सुटे पैसे कशाला, बा?" कृपालीनं विचारलं.
सांगितलं नाही.

सकाळी साडेनऊला चंपाबेनची लारी येते.
सात महिने मी तिला पलंगावरून ऐकते आहे,
आणि सून मागेल तेवढे देते आहे.

उंबरा तीन बोटं उंच.
चाळीस वर्षं त्याच्यापुढे रांगोळी काढली,
उंची कधी कळली नाही.

आज आधी तो पलीकडे गेला.
खट्. चारही पाय ओट्यावर.
मग दुखरा.
मग बराच वेळ मी
अर्धी घरात, अर्धी बडोद्यात.
मग दुसरा.

"अरे बा! तमे?"
चंपाबेनचा तराजू हातातच राहिला.
भींडा शुं भाव, म्हटलं.
"पाव किलोना चालीस. पण तमारा माटे त्रीस."

तीस नको.
चाळीसच सांग, आणि माझ्याशी
नीट भांड.

ती हसली. मग खरंच चिडली.
डिझेल काढलं, नातवाची फी काढली,
मी तिची मागच्या दिवाळीची किडकी वांगी काढली.
पस्तीसवर मिटलं. वर कोथिंबीर.

मांडीत कळ, मुठी पांढऱ्याफटक.
भेंडी पिशवीत टाकली,
आणि मग लक्षात आलं,
हा गाडा वळवायचा कसा
ते कृपालीनं अजून शिकवलेलं नाही.