मलेशियन साल

तक्ता अब्बांसमोर धरला :
तोडलेल्या रानांतून सुटलेला कार्बन,
आपल्या देशाचा खांब, बाजूला आशियातल्या इतरांचे.
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"आपला लईच बुटका हाय की!
मग कशाला रात्र रात्र जागतीस?"

खाली टिंबर मार्केट उठत होतं.
दस्तगीरचाचांनी पट्टा चढवला
आणि पहिलाच ओंडका असा ओरडला
की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

दुसऱ्याच्या बुडाला निळा शिक्का, निम्मा घासलेला.
मंगळूर बंदरातून आला, घाट चढून आला,
आठवड्याभरात उजळाईवाडीत
कुणाच्यातरी दाराची चौकट होईल.

मी शेजारच्या उंच खांबावर बोट ठेवलं.
"ह्यो ओंडका हितं मोजलाय, अब्बा."

ते काही बोलले नाहीत.
टेप काढला, सवयीनं घेर घेतला,
वहीत उतरवला.
'माल कुठला' या रकान्यात
आजवर 'बंदर' एवढंच लिहायचे.
आज पेन टेकवलं, उचललं,
झटकलं दोनदा.

शाई तर होती.