निळं गवत, उद्यमनगर

शलमोन आवळे दिवसभर सागवानात पंपाची पोटं कोरतो.
पॅटर्नमेकर. त्याच्या लाकडावरून वाळूत साचा उठतो,
साच्यात लोखंड ओततात,
आणि लाकूड परत फळीवर, नंबर टाकून.
सहाला भोंगा. तो हात डिझेलनं धुतो,
मग साबणानं, मग पुन्हा साबणानं,
नखं ट्यूबलाइटखाली धरून बघतो,
घरी जातो,
आणि मगच ती पेटी उघडतो.

मी शेजारच्या शेडमध्ये, लेथवर.
माझं धुणं एकदाच.

गिटार अडतीस सालची. मिशनच्या दवाखान्यात
एक अमेरिकन डॉक्टरीणबाई होती, केंटकीच्या डोंगराकडली,
जाताना शलमोनच्या आईला देऊन गेली.
आई नर्स. तिनं ती बारा वर्षं कपाटावर ठेवली, पालथी,
वर लोणच्याची बरणी.
बरणीचा गोल अजून आहे पाठीवर, फिकट.
सगळं पुसतो, तेवढा सोडून.

समोरची फळी स्प्रूसची. आधी म्हणे पांढरी होती.
आता जुन्या ढेपेच्या पोटातला गूळ असतो ना, तो रंग.
भोकाच्या खालच्या अंगाला पॉलिश उडून
तळव्याएवढं लाकूड उघडं पडलंय,
काही बाईनं घासलेलं, काही ह्यानं.
"तिचं कुठं संपतंय नि माझं कुठं सुरू हुतंय, सांग बगू."
मी मायक्रोमीटर लावणारा माणूस.
मला सांगता आलं नाही.

त्याच्या खिडकीतून पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा विचारलं, हे काय?
"ब्लूग्रास."
म्हणजे?
"निळं गवत."
गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशी उभ्या, धार चाललेली,
आमच्या हातात फेसाचे पेले.
म्हटलं, ह्यांना घालून बघ, दूध निळं येतंय का.
तो हसला नाही. मला घरी घेऊन गेला,
दुसऱ्या पट्टीवर कॅपो आवळला.

कसं सांगू. चकती खाली, वर, खाली, वर,
एक फटका चुकत नाही आणि एक दुसऱ्यासारखा नाही.
डावा हात नव्या बेअरिंगमधल्या शाफ्टसारखा, बिनआवाजी,
उजव्यातून पितळेचा किस उडतो तसे सूर,
पिवळे, गरम, अंगावर.
आणि ओळीच्या शेवटी
जाड तारांवरून तो जिना चढत येतो
आणि धाडकन दार उघडतं.
दर वेळी तेच दार.
दर वेळी वाटतं, ह्या खेपेला नाही पोचणार.

ह्या वाजवण्याला सोबत बँजो लागतो म्हणे.
बँजो? आमच्याकडं गल्लोगल्ली बँजो पार्ट्या,
गणपतीत, हळदीत, भोंग्यातून कान फाडणाऱ्या,
टाइपरायटरसारख्या बटणांच्या.
"त्यो न्हवं," म्हणतो. "दुसरा."
तो दुसरा कोल्हापुरात कुणाकडं नाही.
म्हणून तो एकटाच दोघांचं वाजवतो,
बँजोच्या जागा पायानं मोजत, रिकाम्या सोडत.

पुराच्या साली शाहूपुरीत पाणी चौथ्या पायरीला लागलं,
तेव्हा बोटीत आधी पेटी चढली, मग सासू.
मार्थावहिनी अजून चारचौघांत म्हणतात,
"मी कितवी हुते, ईचारा त्येस्नी."
विचारलं की तो उठून चहा ठेवतो.

गेल्या महिन्यात दुसरी तार तुटली.
इथं मिळते ती जाड. म्हातारीची मान ओढली जाईल, म्हणतो.
हवी ती मागवलीय, कुरियर पुण्यात अडकलंय,
तोवर पाच तारांवर.
ती जागा आली की त्याचं बोट तिथं जातं,
काही नसलेलं दाबतं,
पुढं जातं.

काल मी हात दोनदा धुतले.
तो काही बोलला नाही. नखं बघितली,
आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली.
इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं.
वाजवायला येत नाही, म्हणून भोकाला नाक लावलं.
जुनं लाकूड, धूळ,
आणि अगदी आत, मागं कुठंतरी,
मोहरी.