नात्रे

ओहोटी पहाटे चारची असली की
एदुविना तीनला उठते,
गुडघाभर पाण्यात वाकून लाल शेवाळ खुडते.
ओल्या पोत्याला पैसे कमी, वाळलेल्याला जास्त,
आणि चिलोएत वाळवायला ऊन कुठलं.

नऊला परतते तेव्हा दारातच रायेन.
उलटसुलट घातलेले गमबूट,
सव्वादोन वर्षं, सोळा दात.
कोंबड्या मोजते : एक, तीन, तीन.
"पापा," म्हणते, आणि स्वतःच आईचा स्वेटर वर करते,
आपल्या घराचं दार ढकलावं तसा.

त्या बेटावर पापा म्हणजे बटाटा
आणि अंगावरचं दूध, तेही पापाच.
पातेल्यातला कुठला, स्वेटरमधला कुठला
हे त्या घरात कुणाला विचारावं लागत नाही.
(माझ्या भाषेत पापा म्हणजे मुका.
ते सांगायला मी तिथं नाही.)

महिन्यातून एकदा लाँचनं नर्स येते.
वजन, उंची, लस.
"अजून पाजतेस?"
फॉर्मवरचे चौकोन बाराव्या महिन्याला संपलेले,
म्हणून ती समासात बारीक अक्षरात लिहिते : हो.
वाण्यानं उधारी मांडावी तशी.

शेजारीण म्हणते, चालत येऊन मागते, आता पुरे की.
सामनच्या पिंजऱ्यांवरून नवरा फोनवर म्हणतो,
तू बघ, तुला काय वाटतं ते.
त्याचं सगळ्यालाच असं असतं.

सासू, दोन्या ओर्फेलिना, म्हणत काहीच नाही.
कुंपणालगतचा नात्रे तोडून आणते, दगडावर ठेचते.
हिरवा रस. कारलं त्याच्यापुढे साखर.
"तुझ्या नवऱ्याचं असंच तोडलं मी.
एका सकाळीत."

एदुविना बोटानं लावते.
एकीकडे. थोडं थांबून दुसरीकडे.
आत पान्हा वेळेवर दाटलेला,
त्याला कुणी काही कळवलेलं नसतं.

रायेन येते. तोंड लावते.
अख्खा चेहरा नाकाशी गोळा होतो.
दोघी बायका भोकाडाची वाट बघत बसतात.

पण ती जाते.
फटक फटक गमबूट स्वयंपाकघरात,
आणि बटाटे पुसायचं फडकं घेऊन येते,
ओलं, मातीचा वास असलेलं,
आणि पुसते.
आधी हलक्या हातानं, मग जीव खाऊन,
करपलेलं भांडं घासावं तशी.
मधेच थांबून फुंकर घालते.
"बाऊ," म्हणते. आईला बाऊ.
चाखून बघते. तोंड वाकडं. परत पुसते.
तिसऱ्यांदा जमतं.

एदुविना इतकी हसते
की तोंडातलं निसटतं,
आणि पोर वैतागून, दोन्ही हातांनी,
ते पुन्हा जागेवर आणते.

ओर्फेलिना चुलीत लाकूड सारते,
चूल चांगली पेटलेली असताना.
"त्यानं पुसलं नव्हतं,"
मागे न वळता म्हणते.
"एकदाच चाखलं. माझ्याकडं बघितलं,
आणि जाऊन होडीत बसला, बांधलेल्या.
त्यानंतर माझ्याकडं त्यानं
काही मागितलं असेल, तर मला आठवत नाही."

लाकूड तडकतं.
बाहेर पाणी पुन्हा चढू लागलंय,
घराच्या खांबांना लागल्याचा आवाज येतो.

रायेनचे डोळे मिटत आलेत.
एक गमबूट आपोआप गळतो.
आजी दुसरा काढते,
जमिनीवरचं फडकं उचलते,
आणि पिळायच्या आधी,
सुनेची पाठ आहेसं बघून,
त्याचं एक टोक
जिभेला लावते.