कोरम

तिसरा मंगळवार, सकाळचे दहा.
बाहेर उणे सव्वीस.
सुपिरियर सरोवर काठाकडून गोठत आत गेलंय
आणि हॉलमधला हीटर नुसता कण्हतोय.
मी इव्हेट शार्बोनो, चिटणीस,
पूर्वी रीळबांधणी, एकतीस वर्षं,
इतिवृत्त लिहायला घेते.

हजर: आठ.
नियमाप्रमाणे हवेत: नऊ.

नियमात आधी चाळीस होते.
मग पंचवीस केले, मग पंधरा.
दर वेळी रीतसर ठराव, रीतसर अनुमोदन,
अंग झडत चाललेल्या माणसाची विजार
शिंपी आत घेत जातो, तसं.

नववा येईपर्यंत सभा नाही.
तोवरच्या गप्पांची नोंद करायची नसते.
मी करते.

बोहदान म्हणाला, दातांचं बंद झालं.
म्हणजे दातांचा विमा; दात केव्हाच गेले.
विनिपेगहून आलेलं पत्र त्याने उघडलं
आणि मजकुराआधी कागद वाचला,
डोळे मिटून, अंगठा आणि उरलेल्या बोटात धरून:
"पंचाहत्तर ग्रॅम. निलगिरीचा लगदा.
आपला नाही."
आपला स्प्रूसचा असायचा.
आपला आता कुणाचाच नाही.
मग चष्मा. मग मजकूर.
डॉलरमागे एकाहत्तर सेंट पेन्शन,
ती तशीच राहील, कळवण्यास आनंद होतो.
"आनंद" या शब्दावर तो जरा थांबला.

आम्ही सगळे ओरडून बोलतो.
तीन नंबरच्या मशीनने नेलेले कान
कुठल्याच करारात परत मिळाले नाहीत.
परक्याला वाटावं, हातघाईवर आलेत;
आम्ही विचारत असतो, साखर किती.

साडेदहा. ल्युसियँचा फोन:
गाडी सुरू होत नाही.
ओल्डरिकचा मुलगा: बाबा आता कुठेच जात नाहीत.

तेवढ्यात आइला लाहतिनेन किटली घेऊन आली,
वेलदोड्याच्या वेणीपावाचा वास पुढे, ती मागे.
रेइनोची बायको. रेइनो गेला त्याला सहा वर्षं.
त्याच्या पेन्शनमधला तिचा वाटा कापला जातो,
पण तो कापावा की नाही यावर तिला मत नाही.
अठ्ठ्याहत्तरच्या संपात सात महिने
तिने चारशे माणसांचं सूप ढवळलं,
त्या डावाला मत नव्हतं, हिला कुठलं?

"हिला सभासद करून घ्या," मी म्हटलं.
दोमेनिको उठला. उपविधी त्याला पाठ,
नात्यातल्यांचे वाढदिवस पाठ नाहीत.
"ठराव लागेल."
मांडू.
"ठरावाला कोरम लागेल."
म्हणजे ती आत यायला नऊ हवेत,
आणि नऊ व्हायला ती आत हवी.
बोहदान इतका हसला की त्याला खोकला लागला,
आणि खोकला थांबेना, तेव्हा कुणीच हसेना.

आइलाने किटली ठेवली.
हात ॲप्रनला पुसले.
भिंतीकडच्या, एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर
जाऊन बसली. रेइनोची खुर्ची.
ती खुर्ची डुगडुगते; तिच्याखाली डुगडुगली नाही,
कुठे भार द्यायचा ते तिला ठाऊक असावं.

सगळ्यांनी दोमेनिकोकडे पाहिलं.
चाळीस वर्षांत त्याने एक स्वल्पविराम
चुकीच्या जागी राहू दिला नव्हता.
त्याने कानामागे हात नेला,
यंत्र बंद केलं,
आणि खिडकीबाहेरचं बर्फ बघत बसला.

मी आठ खोडलं नाही.
आठाच्या पुढे नऊ लिहिलं.

विषय पहिला: दात.
विनिपेगला खरमरीत पत्र जावं, अनुकूल किती?
इथे हात मोजतात, बोटं नाही;
बोटं मोजली तर आम्ही कायम अल्पमतात.
आठ हात वर गेले.
नववा जरा उशिरा, कोपरापर्यंतच,
पीठ लागलेला,
बसच्या ड्रायव्हरला थांब म्हणावं तसा.

विषय दुसरा: पुढच्या महिन्यात कॉफी कोण करणार.
यावर बराच वेळ शांतता.
शेवटी दोमेनिकोने, काही ऐकू येत नसताना,
हात वर केला.