आवक क्रमांक चारशे बारा

कॅमेऱ्याकडं बघू नका, म्हणाली ती पोरगी,
नेहमीसारखं काम करा.
आता नेहमीसारखं म्हणजे कसं,
हे बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मी एक फाईल उघडली, मिटली,
आणि कॅमेऱ्याकडंच बघितलं.

कोरेगाव पंचायत समिती, खोली तीन,
आवक-जावक, वसुधा भोईटे.
मागचं कपाट माझं, चावी खताळांकडं,
खताळ चहा आणायला गेलेत.

तर, महोत्सव ठरला वाघ्या घेवड्याचा.
आमच्या रानातला, अंगावर पट्टे,
शिजला की पट्टे जातात, चव राहते.
जगदाळे साहेबांनी टिपणी लिहिली,
घेवडा हा शब्द नेमका ओळीच्या टोकाला आला
आणि पंचिंग मशीननं खाल्ला.
उरलं ते असं : वाघ्या महोत्सवास मंजुरी मिळणेस विनंती.

साताऱ्यात कुणीतरी दचकलं.
तिसऱ्या दिवशी पत्र, आवक क्रमांक चारशे बारा :
वन विभागाचा ना हरकत दाखला जोडावा.
प्राण्याचे वय, लिंग व पिंजऱ्याचे मोजमाप कळवावे.

मग सांगायचं ना, ते कडधान्य आहे म्हणून?
ती कॅमेऱ्यामागनं म्हणाली.
लहान आहे.
खुलासा केला की टिपणी चुकली,
टिपणी चुकली की जगदाळे चुकले,
आणि जगदाळे मार्चमध्ये रिटायर होतायत.
म्हणून मी कळवलं :
वय, नव्वद दिवस. लिंग, लागू नाही.
पिंजरा, पोतं, पन्नास किलोचं, तोंड शिवलेलं.

मंजुरी आली.

साहेबांची मुलाखत जिन्याखाली घेतली,
तिथं उजेड चांगला म्हणे.
ते म्हणाले, सगळं नियमात आहे,
आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.
तिनं तेव्हा तरी कॅमेरा बंद करायला हवा होता.

फ्लेक्सवर अर्थातच वाघ आला.
रहिमतपूर रोडला, वीस बाय दहा,
शेजारी साहेब. दोघंही उजवीकडं बघतायत.

रविवारी अडीचशे खुर्च्या, सहा स्टॉल,
दहापर्यंत माणूस नाही.
साडेदहाला पोरं आली, ट्रॉलीतनं, सायकलवर तिघं तिघं,
ल्हासुर्ण्याची, कुमठ्याची,
चपला हातात घेऊन पळत आलेली काही :
वाघ कुठाय?

साहेबांनी माईक माझ्याकडं दिला. मी खताळांकडं.
खताळांनी तो खुर्चीवर ठेवला,
पोत्याची शिवण दातानं उसवली,
मूठभर घेवडा पुढच्या पोराच्या तळहातावर ओतला.
हे बघ. पट्टे मोज.

दुपारपर्यंत मोजत होती.
माझ्या वाघाला सात. माझ्या वाघाला अकरा.
जाताना सगळे वाघ खिशातनं गेले.

सोमवारी पत्र, आवक क्रमांक चारशे एकोणचाळीस :
प्राणी सुस्थितीत परत केल्याचा दाखला सादर करावा.
खताळ म्हणाले, लिहा की बाई, शिजला.

मी कॅमेऱ्याकडं बघितलं.
पोरगी रात्रीच पुण्याला गेली होती.
तिथं भिंत होती,
आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर.